केंद्र ‘अ’

“जिथं आपलं पोर झोपतंय तिथं मोजपट्टी घेऊन जाऊ नये, मॅडम,” असं विजयसिंह सर म्हणाले होते आणि शिवानी हसली होती. गाईडसमोर हसतात तसं, ओठ मिटून, मान जराशी वाकडी करून. “सर, मी तिथं रोज जातेच की. वेगळं हिंडायला नको, कुणाच्या विनवण्या नकोत. माहिती आपोआप गोळा होतीय.” सरांनी पेनाचं टोपण काढलं. मग विषयाच्या कागदावर सही ठोकत म्हणाले, “तुमची मर्जी. नंतर माझ्याकडं रडत यायचं न्हाय, आधीच सांगून ठेवतोय.” एमबीएच्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एकट्यानं एक संशोधन प्रकल्प करायचा, वर एका प्राध्यापकाची देखरेख, असा नियम. वर्गातल्या पोरांनी फाउंड्री घेतली, गूळ घेतला, मॉलमधली गिऱ्हाइकं घेतली. शिवानीनं घरगुती पाळणाघर घेतलं: एकट्या बाईनं चालवलेला सूक्ष्म उद्योग. आणि ते पाळणाघर म्हणजे शुक्रवार पेठेतल्या अक्काताईंच्या दोन खोल्या, खाली शिंप्याचं दुकान, वर लाकडी जिना, आणि त्या दोन खोल्यांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिची स्वतःची दोन वर्षांची संघमित्रा, मितू. सही झालेला कागद घेऊन ती खाली पार्किंगमध्ये आली तेव्हा तिला हलकं वाटलं होतं. अभ्यास आणि पोर, दोन्ही एकाच जिन्यावर बसवले. शहाणपण केलं आपण. आता आठवलं की तिला त्या हलकेपणाचीच किळस येते.

धक्का बसला तो अगदी साध्या दुपारी. उन्हाची तिरीप जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत आली होती, शिंप्याचं मशीन घरघरत होतं आणि शिवानी कॉलेजातून नेहमीपेक्षा जरा लवकर आली होती. अक्काताई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. पांढऱ्या केसांचा इवलासा अंबाडा, सुती लुगडं, नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी वर बघितलं, ओळखीचं हसल्या. “का गं, काय राहिलं?” शिवानी म्हणाली, “काही नाही आक्का, मितूला न्यायला आले.” “मितू? तुझी मगाशीच गेली की. तूच न्हेलीस.” एवढंच. आणि पुन्हा तांदळात बोटं. त्या आवाजात चुकल्याची, चाचपडल्याची खूणसुद्धा नव्हती. भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ सांगावी तसं सांगितलं. शिवानीला पुढं कितीतरी वेळा त्या क्षणाशी परत जावंसं वाटलं, कारण त्या क्षणी तिला अक्काताई चुकल्या असं वाटलंच नव्हतं. तिला वाटलं, आपण चुकलो. आपण आलो होतो. आपण नेलं मितूला. मग ठेवलं कुठं? तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात किल्ली. स्कूटीच्या पुढ्यात उभी केली होती का? बिंदू चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा होती का पुढ्यात? झेरॉक्सच्या दुकानापाशी उतरवून कागद मोजत बसलो, तिथं? कानात मशीनची घरघर मोठी मोठी होत गेली, आणि सगळं शहर, चौक, सिग्नल, दुकानं, म्हशी, रिक्षा, आपलं पोर हरवायची एकेक जागा होऊन तिच्यासमोर उभं राहिलं. मग आतल्या खोलीतून, कपाटाच्या आडून, एक बारीक शिंक आली. साडीच्या झोळीत मितू झोपली होती. एक पाय बाहेर लोंबत होता. “अगं बाई,” अक्काताई मनापासून हसल्या, “हाय की हितंच. मग मगाशी गेली ती कुणाची म्हनायची?” शिवानीनं तिथली सगळी पोरं डोळ्यांनी मोजली. सगळी होती. पुन्हा मोजली.

हे तिनं नवऱ्याला, प्रसेनजीतला, सांगितलं नाही. तो वारणानगरहून शिफ्ट संपवून आला, मितूला खांद्यावर घेऊन घरभर नाचला, आणि शिवानी कुकरच्या शिट्ट्यांकडं कान देऊन उभी राहिली. सांगितलं असतं तर तो काय म्हणाला असता हे तिला ठाऊक होतं. उद्यापासून पोर तिथं न्हाय. मग कुठं? कागलला, त्याच्या आईकडं. मीनाबाई पहिल्यापासून तेच म्हणत होत्या, “पोरगी टाक हितं आन् कर जा तुझं शिक्षण. आमी काय वाघ हाय व्हय तिला खायाला?” वाघ नव्हत्या त्या. चांगल्या होत्या. पण ‘टाक’ हा शब्द शिवानीला सोसत नसे. मितू दिवस भरायच्या आधीच जन्मली होती, काचेच्या पेटीत राहिली होती, आणि तेव्हापासून शिवानीचं बोट मितूच्या नाकाखाली धरलेलं होतं, श्वास लागतोय का बघायला. बोट काढलं तर श्वास थांबेल अशी तिची पक्की समजूत होती. ती वेडी समजूत आहे हेही तिला पक्कं माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारणींसारख्या नांदत होत्या. गॅसचं बटण ती तीनदा बघायची. दाराला कुलूप लावून जिना उतरायची आणि परत चढायची. माहेरात आणि सासरात मिळून पदवीच्या पुढं गेलेली ती पहिली, आणि तिचं डोकं असं झालेलं. अशा डोक्यानं तिनं पहिल्यांदा मितूला त्या जिन्यावरून वर नेलं होतं तेव्हा अक्काताईंनी हात पुढं केले होते. “दे हिकडं. पोर म्हंजी काय काचंचं भांडं न्हवं.” आणि शिवानीनं दिलं होतं. जिना उतरताना तिला जाणवलं की आपलं बोट मोकळं आहे. जन्मल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी दुसऱ्यानं पोराच्या नाकाखाली बोट धरलं होतं. ते अक्काताईंना कधी कळलं नाही. पण शिवानीचं त्यांच्याशी नातं तिथून सुरू झालं होतं, आणि ते कुठल्याच प्रश्नावलीत बसणारं नव्हतं.

त्या दुपारनंतर ती खरं निरीक्षण करू लागली. आधी कोपऱ्यात बसून लिहायची ते वरवरचं होतं: पोरं किती, जागा किती, आयांशी बोलणं कसं. आता तिची नजर अक्काताईंच्या बोटांना, ओठांना, थबकण्याला चिकटली. आमटीत मीठ दोनदा पडायचं. मितूला त्या मधूनच ‘अभिनंदन’ म्हणून हाक मारायच्या. अभिनंदन त्यांचा मुलगा, बंगळूरला, चाळिशी गाठलेला. “तुझं गाव कुठलं गं?” हे त्या शिवानीला विचारायच्या, कागल सांगितलं की म्हणायच्या, “कागल? आमचं माहेर त्याच वाटंवर,” आणि थोड्या वेळानं पुन्हा, “तुझं गाव कुठलं गं?” दुपारी पोरं झोपली की त्या एकेकाच्या डोक्याला हात लावत जायच्या, जपमाळ ओढल्यासारखं, आणि शेवटाला पोचल्या की पुन्हा पहिल्यापासून. शिवानीला वाटे, आपणही गॅसचं बटण असंच बघतो. दोघींमध्ये फरक तो काय, वयाचा? पण हात मात्र त्यांचे चुकत नव्हते. पोर रडायच्या आधी हात पोचलेला असायचा. कुणाला शी लागलीय, कुणाच्या कानात दुखतंय, हे त्यांच्या तळव्यांना कळायचं. नावं तेवढी गळून पडत होती, झाडानं पानं सोडावीत तशी, आवाज न करता. सांगावं का त्यांना? सांगायचं तर काय सांगायचं? आणि पुस्तकात तर लिहिलं होतं, संशोधकानं हस्तक्षेप करायचा नाही. जे चाललंय ते चालू द्यायचं आणि बघायचं. हे वाक्य तिनं पदराआड धरल्यासारखं धरलं. कारण हस्तक्षेप करायचा म्हणजे आधी मितूला उचलायचं, आणि मितूला उचललं की कॉलेज सुटलं, प्रकल्प सुटला, कागलच्या खेपा सुरू झाल्या. म्हणून ती रोज सकाळी आपलं पोर एका विसरत चाललेल्या बाईच्या हातात द्यायची, दिवसभर काळीज मुठीत धरायची, आणि संध्याकाळी ती बाई कशी विसरतेय ते लिहायची. आई लिहितेय की विद्यार्थिनी, हे तिला सांगता आलं नसतं. वाक्यं मात्र सुबक उतरायची.

सरांनी ते वाचलं आणि खुर्चीत पुढं सरकले. “मॅडम, हितं तुमचा प्रोजेक्ट उभा राहिला बघा. सगळा धंदा एका माणसाच्या डोक्यावर, आणि ते डोकंच रिकामं होत चाललंय. याला म्हणत्यात जोखीम. फाउंड्रीवाल्यांनी चाळीस पानं लिहून एक जोखीम सापडली न्हाय त्यांना.” शिवानीच्या अंगावर सुखाचा काटा आला. तो आला हे ती नाकारू शकत नाही. शाळेपासून कुणी तिच्याशी असं खुर्चीत पुढं सरकून बोललं नव्हतं. मग सरांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, “पोरगी? तिथंच अजून?” “नाही सर,” ती म्हणाली, “सासूबाईंकडं ठेवलीय.” इतकं सहज निघालं ते तोंडातून, की तिला क्षणभर खरंच वाटलं, मितू कागलला अंगणात खेळतेय. सर म्हणाले, “बरं केलंत.” केबिनच्या बाहेर येऊन ती पाण्याच्या टाकीपाशी दोन ग्लास पाणी प्यायली, आणि तिसरा तिनं भरून तसाच ओतून दिला.

अहवालात नाव घालायचं नव्हतंच. तिनं अक्काताईंना ‘केंद्र अ’ केलं. पेठेचं नाव काढलं, आडनाव काढलं, मुलाचं गाव काढलं. पण राहिलेलं वर्णन तिच्या हातून सुटेना, कारण तेच तर जिवंत होतं: खाली शिंपी, वर लाकडी जिना, कपाटाआड साडीची झोळी, तांदूळ निवडणारी एकटी बाई. सादरीकरणाच्या दिवशी कॉलेजच्या हॉलमध्ये ती बोलली तेव्हा मागं कुणी कुजबुजलंसुद्धा नाही. टाळ्या पडल्या. आणि खाली उतरताना आदितीनं तिचा दंड धरला. आदिती तिच्याच वर्गातली, लक्ष्मीपुरीत त्यांचं धान्याचं दुकान. तिच्या भावाचा मुलगा सम्मेद त्या झोळीच्या शेजारीच झोपायचा, हे शिवानीला माहीत होतं, आणि बोलताना एकदाही आठवलं नव्हतं. “शिवानी, हे अक्काताईंचं हाय न्हवं?” “तसं नाव आम्ही…” “नाव झाकून कोल्हापुरात काय झाकतंय गं? शिंपी काय आन् जिना काय. आमचं पोरगं हाय तिथं! तुला कवापासनं म्हाईत हाय हे?” आदितीच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. तीच, बोट नाकाखाली धरणारी. शिवानीला ती ओळखीची वाटली, आणि म्हणूनच तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर आया जमल्या. आदितीची वहिनी स्नेहल पुढं होती. शिवानी मितूला सोडायला आली आणि खालच्या पायरीवरच अडकली. “ह्या बघा आल्या,” स्नेहल म्हणाली, “अभ्यास करणाऱ्या. म्हातारीला आठवत न्हाय म्हणून कॉलेजात टाळ्या घेत्यात, आन् आम्हाला एका शब्दानं सांगत न्हाईत. वर आपली पोरगी बी हितंच आणून सोडत्यात! अहो, तुम्ही आई हाय का कोन हाय?” कुणीतरी म्हणालं, “जाऊ दे गं, भांडू नको पोरांसमोर.” शिंप्यानं मशीन थांबवलं होतं. शिवानीच्या काखेत मितू ‘आक्का, आक्का’ करत वर झेपावत होती. त्या बायकांचं काय चुकत होतं? काहीच नाही. त्यांच्या जागी शिवानी असती तर तिनंही हेच केलं असतं, याहून मोठ्यानं ओरडून. वर अक्काताई दारात उभ्या होत्या. त्यांना यातलं काही लागलं नाही. किंवा लागलं आणि निसटलं. त्यांनी एकेका पोराच्या पिशवीत त्याचं त्याचं दुपटं घातलं. एकदाही अदलाबदल झाली नाही, हे शिवानीनं बघितलं, तिला बघायची सवयच लागली होती. सम्मेदच्या गालाला हात लावून त्या म्हणाल्या, “सनाला निघालाय व्हय सगळी? उद्या जरा लौकर आणा गं पोरांस्नी. मी वाट बघतो.” कोल्हापूरच्या जुन्या बायका बोलतात तसं, बापयागत, ‘बघतो’. स्नेहल ते ऐकून रडायला लागली. रडत रडतच तिनं पोर उचललं आणि जिना उतरली.

मितूला कागललाच न्यावं लागलं. प्रसेनजीतला सगळं कळलं, तो ओरडला नाही, त्यानं नुसतं विचारलं, “त्या दिवशी का सांगितलं न्हाईस?” आणि उत्तराची वाट न बघता गाडीचं हवापाणी बघायला खाली गेला. मग वारणानगरला कॉलनीत खोली मिळायचं पक्कं झालं. अहवाल जमा झाला की निघायचं, तिघं एकत्र राहायचं. कुणीही म्हणेल, बरंच झालं की. शिवानीही म्हणत होती. आणि सामान बांधता बांधता, हातातलं भांडं तसंच ठेवून, ती एकदा उन्हं उतरताना शुक्रवार पेठेत गेली. कशाला, ते तिला माहीत नव्हतं. क्षमा मागायला म्हणावं तर ज्याला आठवतच नाही त्याच्याकडं क्षमा कसली मागणार. दार उघडं होतं. सतरंज्या अंथरलेल्या होत्या, एकाशेजारी एक, नीट सुरकुत्या काढून. झोळी बांधलेली होती. अक्काताई मधोमध बसल्या होत्या, हात मांडीवर, स्टँडवर एसटीची वाट बघत बसतात तशा. चेहरा उतरला होता, गळ्याची कातडी सैल झाली होती, आणि लुगड्याची गाठ ढिली पडल्यासारखी वाटत होती. “आलीस व्हय? पोरगी कुठाय?” “कागलला, आजीकडं.” “तुझं गाव कुठलं गं?” शिवानीनं सांगितलं. त्यांचं माहेर त्याच वाटेवर होतं. “जेवलात का आक्का?” “जेवलो की,” त्या म्हणाल्या, तशाच ठाम, घड्याळ बघून वेळ सांगावी तशा. शिवानी पाणी प्यायला आत गेली. मोरी कोरडी होती. नुसती कोरडी नव्हे. फरशीच्या सांध्यांत पांढरी धूळ बसली होती. कढई पालथी, ताट पालथं, पोळपाटावर मुंग्यासुद्धा नाहीत. निवडलेल्या तांदळाचं सूप भरून ठेवलेलं. ते तांदूळ किती वेळा निवडले होते कोण जाणे. त्यात खडा सोडाच, कणीसुद्धा राहिली नव्हती.

तिनं घाईघाईनं भात टाकला. आमटीला डाळ सापडेना, डबे उघडून बघितले, मग खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. कांदा, लसूण, बटाटा आणायचा नाही, एवढं तिला ठाऊक होतं. त्यांच्या घरात जमिनीखालचं चालत नाही. कुकर उतरवून ताट वाढून ती बाहेर आली तेव्हा अक्काताई खिडकीशी उभ्या होत्या. समोरच्या इमारतीच्या टाकीवरचा उजेड निघून गेला होता. “आक्का, चला, बसा.” त्या वळल्या, ताटाकडं बघितलं, भाताच्या वाफेकडं बघितलं, आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्या. भूक होती. शिवानीनं ती डोळ्यांनी बघितली. “दिवस बुडाला की गं,” अक्काताई म्हणाल्या. “आता न्हाय.” “अहो, पण तुम्ही आज काहीच खाल्लं नाही. कालही नसेल.” “खाल्लं की.” “मोरी कोरडी आहे आक्का.” “व्हय का? मग ऱ्हायलं असंल. उद्या बघू. दिवस बुडाल्यावर तोंडात घालायचं न्हाय, लहानपणापासनं मोडलं न्हाय मी.” शिवानीनं हट्ट केला, हात धरला, घास केला, शेवटी ओरडली. त्यांनी तोंड मिटून घेतलं, लहान पोर घेतं तसं, पण त्यात पोराचा हट्ट नव्हता. उभ्या जन्माचं व्रत होतं, गावातल्या जैनाच्या घरात कुठलीही बाई पाळते ते. नावं गळाली, माणसं गळाली, आज सकाळ की काल सकाळ हेही गळालं. सूर्य तेवढा राहिला. जेवायचं ते विसरत होत्या आणि जेवायचं नाही ते विसरत नव्हत्या. शिवानी ताट घेऊन तशीच बसून राहिली. भात गार झाला, आमटीवर साय धरली, खोलीत अंधार झाला तरी तिनं दिवा लावला नाही. आणि अंधारात तिला तिनंच लिहिलेली ओळ दिसू लागली. अहवालात होती ती, त्रुटींच्या सदरात: ‘दुपारी चारनंतर संचालिका स्वतःचे जेवण मुलांच्या खाण्याबरोबरच उरकतात. घर आणि व्यवसाय यांच्या वेळेची सरमिसळ होते.’ सरमिसळ! पोरांचे डबे उघडायचे, सम्मेद ‘आक्का तू बी खा’ म्हणून पोळीचा तुकडा त्यांच्या तोंडाशी न्यायचा, आणि मग त्या हसत आपलं ताट वाढून घ्यायच्या, दिवस वर असताना. पोरं त्यांना जेवू घालत होती. ते तिनं रोज बघितलं होतं. बघितलं, लिहिलं, त्रुटी म्हणून.

तिनं अभिनंदनला फोन केला. तो सभ्य माणूस निघाला, ते आणखी वाईट. “मॅडम, मी रोज फोन करतो आईला. रोज विचारतो. ती म्हणत्या, जेवलो. आता आईवर विश्वास ठेवू की तुमच्यावर? तुमच्या अभ्यासानं पोरं गेली तिची, ते ऐकलंय मी. सुट्टी मिळाली की येतो.” कधी, ते त्यानं सांगितलं नाही. शिंप्याला तिनं सांगितलं. तो म्हणाला, “बघतो की वहिनी, जाता-येता,” आणि पायानं मशीन चालू केलं. आदितीला सांगितलं. आदिती गेली एकदा, डबा घेऊन, दुकान वाढवून, दिवस मावळल्यावर. डबा तसाच परत आला. “घेत न्हाईत गं त्या,” ती म्हणाली, आणि मग तिच्याच ध्यानात आलं. ती खाली बघू लागली. तिच्याही घरात हेच पाळतात. शिवानी आठवडाभर रोज गेली. पोचायची त्या वेळी ऊन असेल तर अक्काताई चार घास खायच्या, शिवानी समोर बसून खात असेल तरच. एकटीला ताट वाढून दिलं तर त्यातली शितं तांदळासारखी निवडायला लागायच्या. आता वारणानगरहून रोज दुपारी येणं, मितूला घेऊन, एसटीनं, हे होणार नव्हतं. एक दिवस झालं असतं, दोन दिवस झालं असतं. तिसऱ्या दिवशी आपण थकू, चौथ्या दिवशी पोराला ताप येईल, पाचव्या दिवशी आपण म्हणू, कुणीतरी बघत असेल. स्वतःला ती आता ओळखत होती. तेवढं एक संशोधन पुरं झालं होतं.

शेवटचा मसुदा तपासताना सर एका पानावर थांबले. “हे काय घातलंय?” “सर, पुढच्या कामाच्या सूचना.” “ह्या सूचना न्हाईत, मॅडम. ही विनंती हाय. अहवालात विनंती नसती, शिफारस असती.” त्यांनी पेन उचललं. मग खाली ठेवलं. जिन्यावरचं भांडण त्यांच्याही कानावर गेलं असावं. “पोरगी सासूबाईंकडं न्हवती तर,” असं हळूच म्हणाले. “बाहेरचा परीक्षक येतोय तो पहिलं आणि शेवटचं पान वाचतोय,” सर म्हणाले. “मधलं कोण वाचत न्हाय.” आणि पान उलटून पुढं गेले. म्हणून तिनं ते मधनं काढलं आणि बाइंडिंगवाल्याकडं उभं राहून शेवटी लावून घेतलं, संदर्भसूचीच्याही मागं, जिथं काही नसतं तिथं. अहवालाच्या सगळ्या प्रती ग्रंथालयात जातील, धूळ खातील. वाचणारा एखादाच असेल, तोही कदाचित पुढच्या वर्षीचा विद्यार्थी, विषय शोधणारा. पण वाचेल तो कोल्हापुरातला असेल. त्याला हे पान लागेल:

‘आपण हे वाचत आहात म्हणजे शुक्रवार पेठ आपल्याला लांब नाही. जैन मठाच्या मागच्या गल्लीत जाऊन अक्काताईंचं घर कुणालाही विचारा. मी नाव झाकलं होतं, ते आता उघडं करते. वर गेल्यावर जेवलात का, असं विचारू नका. त्या हो म्हणतील आणि खोटं बोलणार नाहीत. गॅसच्या शेगडीवर हात ठेवून बघा. गार असेल तर भात टाका, कांदा-लसूण नको. दोन ताटं घ्या. आधी तुम्ही खायला बसा. संध्याकाळी वेळ मिळाला की जाऊ, असं ठरवू नका. ती वेळ त्यांची नाही. आत्ता बाहेर बघा. ऊन असेल तर उठा आणि जा.’